तंजावरचा राजवाडा : राजाचा ठेवा, रयतेचा ठेवा

आपल्या मुलखात गावोगाव वाडे आहेत. कुठे देशमुखांचा, कुठे इनामदारांचा, कुठे पाटलांचा. त्यांतले किती उभे आहेत आणि किती पडले, हे तुम्ही माझ्याहून चांगले सांगाल. वाडा पडू लागला की काय होते, तेही तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. आधी सागाचे खांब आणि तुळया विकल्या जातात. मग दारे-खिडक्या जातात, पाठोपाठ घडीव दगड जातो. आणि ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, ते माळ्यावरचे रुमालात बांधलेले दप्तर पाणी तापवायच्या बंबात जाते. दोन हिवाळ्यांत दोनशे वर्षांचा कागद संपतो, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. कारण तो कागद कोणाला वाचता येत नाही.

आज मी तुम्हांला अशा एका वाड्याची हकीकत सांगणार आहे, की ज्याच्यावर हा प्रसंग यायला फारसा वेळ लागला नसता, पण जो त्यातून वाचला. हा वाडा आपला म्हणावा तर पुण्यापासून हजार किलोमीटरांहून दूर, तमिळनाडूत आहे. परका म्हणावा तर त्याच्या कोठारात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, आणि जवळच्याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भला लांबलचक लेख आहे. हा वाडा म्हणजे तंजावरचा राजवाडा होय.

प्रथम मुलूख कसा आहे ते पाहू. कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाटे फोडते. त्या फाट्यांच्या मधला सपाट, गाळाचा, पाटपाण्याचा प्रदेश म्हणजे तंजावर. भाताचे कोठार म्हणून तो शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. ज्याच्या हाती हे कोठार, त्याच्या हाती दक्षिणेची नाडी, असे पूर्वीचे राजे मानीत. इथेच चोळ राजांनी राज्य केले आणि राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास बृहदीश्वराचे प्रचंड देऊळ पुरे केले. देऊळ चोळांचे, पण आपण ज्या वाड्याविषयी बोलत आहोत, तो मात्र त्यानंतर पाच शतकांनी उभा राहू लागला. विजयनगरच्या सम्राटांचे नायक नावाचे सरदार सोळाव्या शतकात तंजावरला आले, हळूहळू स्वतंत्र झाले, आणि त्यांनी हा वाडा बांधायला घेतला. वाड्याचा जो आठ मजली, देवळाच्या शिखरासारखा मनोरा लांबून दिसतो, तो पाहिला म्हणजे या वाड्याची घडण मुळात दक्षिणी आहे हे ध्यानात येते.

मग इथे मराठे कसे आले? शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, ते विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीत होते. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकाचा पाडाव केला. तंजावरच्या घराण्याचा वारस पुन्हा गादीवर बसवावा म्हणून आदिलशहाने व्यंकोजीराजांना धाडले. त्यांनी मुलूख सोडवला खरा, पण १६७५-७६ च्या सुमारास गादीवर ते स्वतःच बसले. पुढे १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेच्या स्वारीवर गेले, तेव्हा कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीस दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीची बोलणी सुरू झाली. ती काही जमेनात. एका रात्री व्यंकोजीराजे निघून तंजावरला परतले. भावाभावांच्या वाटणीचा तंटा राजाच्या घरालाही चुकत नाही, एवढे यातून दिसते. महाराजांनी तंजावर काही जिंकून घेतले नाही, आणि व्यंकोजींचा वंश तिथे नांदला. १८५५ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, भोसल्यांची ही शाखा त्या गादीवर होती.

या राजांनी तिथे जाऊन काय केले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते मराठी बोलत, मोडीत लिहीत. पण प्रजा तमिळ, दरबारातले कवी आणि गवई बरेचसे तेलुगू, आणि शास्त्रार्थ संस्कृतात. या राजांनी यांतली एकही भाषा टाकून दिली नाही. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे (हे शिवाजीमहाराजांचे वडील नव्हेत, त्यांचे नातू) यांनी एक अख्खे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. ते स्वतः नाटके लिहीत. त्यांची नाटके तेलुगूत आहेत, तशी मराठीतही आहेत. आणि मराठी नाटकाचा आरंभ शोधणाऱ्यांना तंजावरपर्यंत जावेच लागते. इकडचे कीर्तन तिकडे गेले आणि तिथल्या हरिकथेत मिसळले. समर्थ संप्रदायाचे मठ तिकडे स्थापन झाले. आजही तिकडच्या काही घरांतून ‘तंजावरी मराठी’ बोलली जाते. आपल्या कानाला ती जुनी, थोडी तमिळ हेलाची वाटते, पण मराठीच.

तात्पर्य, परमुलखात गेलेला माणूस तिथल्या माणसांत मिसळूनही आपली बोली राखू शकतो, याचा हा वाडा पुरावा आहे.

आता वाड्याच्या सर्वांत भरभराटीच्या, आणि गंमत अशी की राज्य गमावण्याच्या काळाकडे येऊ. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध तंजावरला फार वाईट गेला. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतले. तीन वर्षांनी तुळजाजीराजांना राज्य परत मिळाले. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला. पाटबंधारे मोडले की भाताच्या देशाची काय दशा होते, हे शेतकऱ्यांना मी सांगायला नको. १७८७ साली तुळजाजी वारले. मरण्यापूर्वी त्यांनी एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. त्याचे नाव सरफोजी.

या मुलाच्या वाट्याला गादी लगेच आली नाही. चुलते अमरसिंग राजे झाले, आणि मुलाचे हाल होऊ लागले. तेव्हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याच्या शिक्षणाची काळजी घेतली, आणि पुढे त्याला मद्रासेस हलवले. तिथे तो इंग्रजी शिकला, नवी शास्त्रे शिकला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, आणि दुसऱ्याच वर्षी, १७९९ साली, कंपनीने त्यांच्याशी तह केला. तहाचा मतलब थोडक्यात असा : राज्याचा कारभार कंपनीचा, राजाला किल्ला, वाडा, मानमरातब, सालीना एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे राजा होता, पण राज्य नव्हते. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिकांनी काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे. शिकारी, मेजवान्या, लग्ने, दागिने. सरफोजीराजांनी मात्र आपला दिवस दुसऱ्या कामाला लावला. त्यांनी पोथ्या गोळा केल्या.

नायकांच्या काळापासून वाड्यात एक सरस्वती-भांडार होतेच. सरफोजीराजांनी त्याचा सागर केला. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला गेले, ते पुण्य गाठीला बांधून आले तसे ग्रंथही बांधून आले. जी पोथी विकत मिळेल ती विकत घ्यायची, जी मालक देणार नाही तिची नक्कल करवून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. ताडपत्रावरच्या, कागदावरच्या, वेदान्ताच्या, वैद्यकाच्या, संगीताच्या, गजशास्त्राच्या, अश्वशास्त्राच्या. युरोपातून छापील पुस्तके मागवली, ती वेगळीच. त्यांतल्या अनेकांवर त्यांची स्वतःची सही आहे. आज या सरस्वती महाल ग्रंथालयात एकट्या संस्कृतची हस्तलिखिते चाळीस हजारांच्या आसपास भरतात. तमिळ सुमारे साडेतीन हजार, मराठी सुमारे तीन हजार, तेलुगू आठशेच्या वर. मोडी दप्तराचे गठ्ठे ते निराळे.

पण सरफोजीराजे नुसते पोथ्या राखणारे नव्हते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि इंग्रजी वैद्यक यांचा एकत्र अभ्यास चाले. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या इलाजांची टिपणे, रोगी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, अजून जतन करून ठेवलेली आहेत. आणि शिक्षक मंडळींनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वाड्यात नागरी अक्षरांचा छापखाना होता. १८०६ साली तिथे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापून निघाले. त्याचे नाव ‘बालबोध मुक्तावली’. पेशवाई अजून बुडायची होती, पुण्यामुंबईत मराठी शाळापुस्तकांचा पत्ता नव्हता, तेव्हा कावेरीच्या काठी मराठी मुलांसाठी गोष्टींचे छापील पुस्तक तयार होत होते! आपल्या शाळेतल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

त्यांचे आणखी एक काम सांगतो. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे आणि धर्मशाळा, बांधल्या होत्या. तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. काही ठिकाणी शाळा चाले. १८०१ साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटाला लिहून कळवले की, बाकी कारभार तुम्ही घेतला, पण ही छत्रे आमच्याकडेच असू द्यात. ज्याने राज्य मुकाट्याने दिले, तो छत्रांसाठी मात्र अडून बसला. माणसाची पारख अशा ठिकाणी होते.

इथे एक गोष्ट मी उघड बोलतो, कारण ती न बोलता पुढे जाणे योग्य होणार नाही. या पोथ्यांचा, छापखान्याचा, छत्रांचा पैसा कुठून आला? वसुलाच्या पाचव्या हिश्शातून. आणि वसूल कशाचा? कावेरीच्या चिखलात गुडघाभर उभे राहून भात लावणाऱ्या रयतेचा. ताडपत्रावर शास्त्र्याने अक्षर कोरले. पण त्या शास्त्र्याच्या पानातला भात कुणब्याने पिकवला. राजाची रसिकता खरी, त्याबद्दल त्याला मान द्यावा. पण तो ठेवा राजाच्या एकट्याच्या घामाचा नव्हता. ही गोष्ट पुढच्या हकिकतीत उपयोगी पडणार आहे, म्हणून ती गाठीशी असू द्या.

१८३२ साली सरफोजीराजे वारले. त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे गादीवर आले आणि १८५५ च्या ऑक्टोबरात तेही निवर्तले. मागे पुत्र नव्हता. राण्या होत्या, कन्या होत्या. त्या सुमाराला कंपनी सरकारला एक चांगली युक्ती सापडलेली होती. वारस नाही, तर राज्य खालसा! सातारा १८४८ मध्ये गेले. नागपूर १८५४ मध्ये गेले, आणि तिथल्या भोसल्यांच्या दागदागिन्यांचा कलकत्त्यास लिलाव झाला. तंजावरला तर खालसा करायला राज्यच उरले नव्हते. ते १७९९ सालीच गेले होते. उरला होता वाडा आणि वाड्यातली चीजवस्तू. कन्येचा हक्क कंपनीने मानला नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात कंपनीचे अधिकारी शिपाई घेऊन वाड्यात शिरले, आणि खोल्या-कोठारांना मोहरा लागल्या. राजाची दौलत ही सरकारची दौलत, असे ठरले.

थोरल्या राणी कामाक्षीबाई. पडद्यात राहणारी, वैधव्य आलेली ही बाई. समोर कंपनी सरकार. पण बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली. त्यांचे म्हणणे साधे होते, कोणाही शेतकरणीला समजेल असे होते : राज्य तुम्ही घेतले असेल, पण माझ्या नवऱ्याच्या खाजगी चीजवस्तूंवर हक्क माझा. आणि मद्रासच्या कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला.

सरकारने विलायतेस प्रिव्ही कौन्सिलात अपील केले. १८५९ साली निकाल लागला. तो निकाल मोठा विलक्षण आहे. कायद्याचे विद्यार्थी अजून तो अभ्यासतात. न्यायाधीशांनी असे स्पष्ट सुचवले की, ही मालमत्ता घेण्याला कंपनीजवळ कायदेशीर आधार शोधूनही सापडणे कठीण आहे. पण, आणि हा ‘पण’ सगळ्यांत मोठा, हे कृत्य एका राजसत्तेने दुसऱ्या राजसत्तेच्या बाबतीत केलेले आहे. अशा कृत्याचा न्याय करण्याचा अधिकार कोर्टाला नाही. झाले! अन्याय दिसतो, पण आम्ही त्यात पडू शकत नाही. राणी हरल्या.

आता श्रोतेहो, इथेच हकीकत संपायला हवी होती. नागपूरचे झाले तसे तंजावरचे झाले असते. सोने कलकत्त्याला, हत्यारे मोडीत, पोथ्या लंडनला किंवा वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला. पण राणीच्या भांडणाने गवगवा झाला होता, आणि दरम्यान १८५७ चा वणवाही होऊन गेला होता. कंपनीचे राज्य जाऊन राणी व्हिक्टोरियाचे आले होते. १८६२ साली सरकारने राजाची खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. पण परत केली. एका बाईने कोर्टाची पायरी चढण्याचे धैर्य केले, म्हणून ग्रंथांवरच्या मोहरा निघाल्या, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

एक संकट टळले, तो दुसरे उभे. राण्या पुष्कळ. त्यांच्यात वाटणीचे दावे सुरू झाले, आणि पुढच्या पिढीतही ते चालत राहिले. वाटणी म्हणजे काय चीज आहे, हे तुम्हांला सांगायला नको. तिघे भाऊ विभक्त होतात तेव्हा हंडे-घंगाळी मोजली जातात, विहिरीतले पाणीसुद्धा चार-चार दिवस वाटून घेतात. जमिनीची वाटणी होऊ शकते. पण ग्रंथालयाची वाटणी कशी करायची? महाभारताची अर्धी पर्वे थोरल्या घरी आणि अर्धी धाकट्या घरी? वाटलेले ग्रंथालय म्हणजे फोडलेला घडा.

या सगळ्या काळात एक चांगले काम घडत होते. बर्नेल नावाचा इंग्रज न्यायाधीश तंजावरला होता. त्याला संस्कृतचे वेड. त्याने वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार यादी केली. ती १८८० मध्ये छापली गेली. यादी ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. पण एकदा यादी झाली की आहे काय ते जगाला कळते, आणि नाहीसे झाले तर तेही कळते. ज्या वस्तूची नोंद नाही, तिची चोरीदेखील होत नाही. ती नुसती नसते.

शेवटी १९१८ साली निर्णय झाला. राजघराण्यातल्या वारसांच्या संमतीने सरस्वती महाल ग्रंथालय वाटणीतून बाहेर काढले गेले, आणि ते सार्वजनिक ठरले. कोणाचेच नाही, म्हणून सर्वांचे. १९८३ साली ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून जाहीर झाली. ज्या पोथीला हात लावण्यापूर्वी शास्त्र्याला राजाची परवानगी घ्यावी लागे, ती आता अभ्यासक, मग तो कोणत्याही जातीचा, गावाचा असो, अर्ज करून पाहू शकतो. वसुलाचा पाचवा हिस्सा असा शंभर-सव्वाशे वर्षांनी रयतेकडे परत आला.

वाड्याच्या दुसऱ्या भागाची हकीकत याहून निराळी, आणि तितकीच बोधक आहे. १९५१ साली तंजावर शहराच्या करंदै भागातली ब्रह्मदेवाची एक जुनी मूर्ती बाहेरगावचा एक कलाप्रेमी गृहस्थ घेऊन जाऊ पाहत होता. गावकऱ्यांच्या हे ध्यानात आले. त्यांनी हरकत घेतली. प्रकरण कलेक्टरपर्यंत गेले. मूर्ती राहिली, पण आता ती ठेवायची कुठे? अशा दुर्लक्षित मूर्ती तर गावोगाव पडलेल्या. तेव्हा वाड्याचे नायककालीन दालन मोकळे करून तिथे कलासंग्रहालय काढण्यात आले. म्हणजे पाहा, हे संग्रहालय एखाद्या मोठ्या माणसाच्या लहरीतून निघाले नाही. ‘आमच्या गावातला देव आम्ही जाऊ देणार नाही’ असे सामान्य माणसांनी म्हटले, त्यातून ते निघाले.

तिथल्या पाषाणमूर्ती सुंदर आहेत. पण पाहावीत ती चोळांच्या काळातली पंचधातूची शिल्पे. त्यांतले एक सांगतो. तिरुवेंकाडू गावच्या जमिनीखाली इतर मूर्तींबरोबर शिव-पार्वतीची एक जोडी सापडली. १०११ सालच्या सुमाराचे काम. शिव उभा आहे, डोक्याला सापांचे मुंडासे गुंडाळले आहे, आणि उजवा हात कोपरात वाकवून कशावर तरी टेकवला आहे. कशावर? नंदीवर. पण नंदी सापडलेला नाही. देव एका अदृश्य बैलावर हात टेकून उभा आहे, आणि मूर्तिकाराचे कसब असे की बैल नसूनही तो दिसतो. आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून बांधावर उभा राहिलेला शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला ही मूर्ती समजावून सांगावी लागणार नाही.

याच वाड्यात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे. फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला. हात जोडून उभे असलेले राजे. आणखी एका मजल्यावर तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मुलांची गर्दी तिथे जास्त, हे सांगणे नकोच. मराठा दरबाराचे दालन आहे, त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर रंगीत काम आहे. काही भागांची डागडुजी झाली, काही भाग पडका आहे. राजघराण्याचे वंशज वाड्याच्या एका भागात राहतात. हे सगळे एकाच आवारात : घर, देव, ग्रंथ, सांगाडा आणि उतरलेले रंग. संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची रांग, अशी आपली कल्पना असेल, तर ती इथे मोडते.

कोणी विचारील, मास्तर, हे सगळे ठीक. पण तंजावरात पोथ्या वाचल्या नसत्या, तर आमचे काय बिघडले असते? त्याचे उत्तर मी एका उदाहरणाने देतो. शिवछत्रपतींच्या हयातीत, त्यांच्याच आज्ञेने, कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचले. अपुरे आहे, पण महाराजांच्या जन्मापासूनच्या घटनांना समकालीन साक्षीदार म्हणून त्याचे मोल फार मोठे. ते काव्य महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले १९२७ साली, सदाशिव महादेव दिवेकर यांच्या प्रयत्नाने. आणि त्याची पोथी सापडली कुठे? तंजावरच्या सरस्वती महालात. आता हिशेब करा. १८५६ साली मोहरबंद झालेली कोठारे तशीच लिलावात निघाली असती, किंवा वाटणीत ती पोथी एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर गेली असती, तर? शिवचरित्राचा एक खांबच आपल्या हाती आला नसता. आपल्या घरातली वस्तू आपण हरवली, आणि ती दूर गेलेल्या चुलत्याच्या घरी सुखरूप सापडली, असे हे झाले.

आणि काम अजून संपलेले नाही. तंजावरच्या मोडी दप्तरात हिशेब आहेत, हुकूम आहेत, वैद्यांची टिपणे आहेत, छत्रांतल्या शिधासामग्रीच्या याद्या आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद करवून घेतले. याचा अर्थ ध्यानात घ्या. आपल्या लिपीतले कागद तमिळ विद्वान कष्टाने वाचवतात आणि वाचतात. तिकडे मोडी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. आणि इकडे तरी कुठे पुष्कळ आहेत? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांतून मोडी शिकवीत. त्या वेळी ती शिकलेली म्हातारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

म्हणून शेवटी, विशेषतः शाळेतल्या गुरुजनांपाशी, माझे तीन शब्दांचे मागणे आहे : शोधा, नोंदवा, वाचा.

शोधा म्हणजे काय? तुमच्या गावात ज्या घरी जुने दप्तर आहे, ज्या पारावर किंवा ओढ्याकाठी एखादा वीरगळ, सतीचा दगड, मोडकी मूर्ती पडली आहे, ती मुलांना घेऊन पाहून या. नोंदवा म्हणजे एका साध्या वहीत लिहून ठेवा : वस्तू काय, कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, कशी आहे. वस्तू हलवू नका, शेंदूर खरवडू नका, मालकाशी भांडू नका. नुसती यादी करा. बर्नेलने चाळीस खोल्यांचा वाडा विकत घेतला नव्हता. त्याने यादी केली. आणि वाचा म्हणजे मोडी शिका. चिकाटीने बसले तर काही महिन्यांत अक्षर लागते. एका तालुक्यात दोन शिक्षक मोडी वाचणारे निघाले, तरी त्या तालुक्यातले दप्तर बंबात जायचे थांबेल. कारण वाचता येणाऱ्या कागदाला कोणी आग लावीत नाही.

आणि ज्यांच्या घरी असे दप्तर आहे, त्या घरमालकांना एवढेच सांगतो. तुमची मालकी कोणी हिरावून घेत नाही. कामाक्षीबाईंनी मालकीसाठी सरकारशी भांडण केले, ते योग्यच केले. पण त्यांच्यामागून आलेल्या वारसांनी तोच ठेवा सर्वांसाठी मोकळा केला, तेही योग्यच केले. आधी हक्क राखावा, मग तो वाटून द्यावा. यांतली पहिली गोष्ट नसती, तर दुसरी करायला काही उरलेच नसते.

तंजावरच्या त्या वाड्यात आता राजाची स्वारी निघत नाही, चोपदार ललकारत नाहीत. सकाळी दारे उघडतात आणि तिकिटाचे पैसे मोजून तमिळ शेतकरी, शाळेची मुले, कुठून कुठून आलेले यात्रेकरू आत जातात. एकेकाळी त्यांच्या पूर्वजांना त्या दारातून आत पाहण्याचीही मुभा नसेल. आज ते दालनात मधोमध उभे राहून, बैलावर हात टेकलेल्या देवाकडे हवा तितका वेळ पाहतात. राजवाड्याचे संग्रहालय झाले म्हणजे काय झाले, हे मला तरी याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.